राजगड ते तोरणा, आधी जेवणाच्या टेबलावर

शनिवारी ट्रेक असला की गुरुवारी रात्री आमच्याकडे जेवणं लवकर उरकतात, कारण मला टेबल मोकळं लागतं. ओल्या फडक्याने पुसायचं, नीट वाळू द्यायचं आणि मग टोपोशीट, म्हणजे डोंगरदऱ्यांचे चढउतार दाखवणारा नकाशा, पसरायचं. एकदा वाळू दिलं नव्हतं. त्या पत्रकावर कढीचा डाग पडला तो पडलाच. टोपोशीटवर पिवळा रंग म्हणजे लागवडीखालची जमीन, त्यामुळे पानशेतच्या जलाशयात आमच्या घरापुरतं एक शेत पिकतं.

भाचा दर वेळी तेच विचारतो. "मावशी, अगं फोनमध्ये आहे ना सगळं?" आहे की. मीही फोन नेते, त्यात नकाशाचं अॅप आहे, ते चांगलं आहे. पण मी बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला भूगोल शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं डोंगरात हिंडते, त्यावरून सांगते: फोनवरचा नकाशा आपण रस्त्यात उघडतो आणि निळा ठिपका कुठे आहे तेवढंच बघतो. कागदाचा नकाशा मी घरी वाचते. पंख्याखाली, चहा घेत, हातात पेन्सिल घेऊन. डोंगरात तो बाहेर काढते तेव्हा नवीन काही वाचायचं नसतं, वाचलेलं आठवायचं असतं. नकाशा बॅटरी गेल्यावर काढायची वस्तू आहे असं समजून तो सॅकच्या तळाशी घालून नेणाऱ्यांना तो कधीच उपयोगी पडत नाही, कारण ऐन पावसात पहिल्यांदा उघडलेला नकाशा म्हणजे नुसती तपकिरी रेघोट्यांची जाळी.

तर हे कसं करायचं, ते राजगड–तोरणा या एकाच वाटेवर सांगते. पहिल्या दिवशी गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगडावर, रात्री पद्मावती माचीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून डोंगराच्या धारेने तोरण्याच्या बुधला माचीवर, आणि खाली वेल्ह्याला. अर्ध्या पुण्याने केलेला ट्रेक आहे, त्यामुळे नकाशा शिकायला उत्तम. चुकलात तरी थोड्या वेळात कोणीतरी भेटतं. (पावसाळ्यातला मंगळवार सोडून.)

कोणतं पत्रक

लागतो तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा. विभाग १७६७ सालचा, मुख्य कार्यालय देहरादूनला. पूर्वी टोपोशीट मिळवणं हाच एक ट्रेक असायचा. २०१७ पासून 'ओपन सिरीज'चे नकाशे नोंदणी करून ऑनलाइन, फुकट उतरवून घेता येतात. एवढी चांगली गोष्ट फुकट मिळते म्हणूनच बहुधा कोणी घेत नाही.

क्रमांकाचं कोडं एकदा समजून घ्या. ४७ या क्रमांकाचा मोठा चौकोन ७२ ते ७६ अंश पूर्व आणि १६ ते २० अंश उत्तर एवढा. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग, ए ते पी. त्या प्रत्येकाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे पुन्हा सोळा भाग, १ ते १६. मोजणी वरून खाली जाते, खाली पोचलं की शेजारच्या रांगेत पुन्हा वरून. मुलं प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत इथेच चुकायची, कारण आपला हात डावीकडून उजवीकडे मोजायला सोकावलेला. पुणे शहर ४७ एफ/१४ वर, त्याच्या बरोबर खालच्या ४७ एफ/१५ वर सिंहगड. नव्या मालिकेत हेच क्रमांक ई४३ ने सुरू होतात, पण चौकोन तोच, आणि जुन्या ट्रेकर मंडळींच्या तोंडी जुनेच क्रमांक आहेत.

आता गंमत बघा. राजगडाचा बालेकिल्ला १८ अंश १५ मिनिटं या अक्षवृत्ताच्या जेमतेम अर्धा किलोमीटर दक्षिणेला आहे आणि दोन पत्रकांची हद्द नेमकी त्याच अक्षवृत्तावर. म्हणजे राजगड ४७ एफ/१२ च्या अगदी वरच्या काठाला चिकटलेला, आणि पायथ्याचं गुंजवणे वरच्या ४७ एफ/११ वर. तोरणा आणि वेल्हेही ११ वर. जायचं ठिकाण कायम पत्रकाच्या कडेला असतं, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही पण मी आजवर मोडलेला पाहिला नाही. एकच पत्रक घेऊन गेलात तर अर्धा दिवस नकाशाबाहेर चालाल.

म्हणून दोन्ही पत्रकं छापून जोडायची. छापताना एक जपा. पंधरा मिनिटांचं पत्रक या प्रमाणावर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर उंच भरतं, समास वेगळा. ए-टू कागदावर ते बसत नाही, ए-वन लागतो, म्हणजे आर्किटेक्ट लोकांचे प्लॅन छापतात त्या प्लॉटरवाल्याकडे जायचं. तिथे 'अॅक्चुअल साइज' असं दोनदा सांगायचं आणि छापून हातात आल्यावर दुकानातच पट्टी लावायची: नकाशाखालच्या रेषाप्रमाणावर, म्हणजे अंतर मोजायला छापलेल्या रेघेवर, ५ किलोमीटर म्हणजे बरोबर १० सेंटिमीटर भरले पाहिजेत. माझ्या एका पत्रकावर ते ९.४ भरले. मुलाने 'फिट टू पेज' ठेवलं होतं आणि मला ते घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी असते.

जोडताना ४७ एफ/११ चा खालचा समास कापायचा, १२ चा वरचा ठेवायचा, त्याच्यावर ११ ची कड आणून चिकटवायची. आधी उभ्या रेषा जुळतात का बघा, मग डिंक लावा. ग्लूस्टिकच वापरा, ओल्या डिंकाने कागद फुगतो आणि तपकिरी समोच्च रेषांचे सांधे सरकतात. समास फेकू नका. चिन्हं आणि खुणा तिथेच असतात, आणि सर्वेक्षणाचं वर्षही. ते वर्ष पहिल्यांदा वाचायचं. जुन्या छपाईच्या पत्रकावर गुंजवणी धरणाचं पाणी नाही, त्या जागी शेतं आहेत. तालुक्याचं नावही आता राजगड झालंय, नकाशा अजून वेल्हेच म्हणतो. डोंगर मात्र हललेला नाही, आणि आपल्याला मुख्य काम त्याच्याशी आहे.

तपकिरी रेषा

इथे मी वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, हे परीक्षेतलं वाक्य. डोंगरातलं वाक्य असं: त्या रेषेवरून चालत राहिलात तर ना दम लागेल, ना गुडघे दुखतील. या नकाशावर दोन रेषांमधलं अंतर २० मीटर उंचीचं आहे आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे दोन जाड रेषांत १०० मीटर. गुंजवण्यापासून पद्मावती माचीपर्यंत किती जाड रेषा ओलांडता ते मोजा. मी आकडा सांगणार नाही. स्वतः मोजलेला चढ पायांना आधीच माहीत होतो.

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. थरावर थर, म्हणून पायऱ्यापायऱ्यांचा. नकाशावर हे फार सुंदर दिसतं. रेषा एकमेकींना चिकटून जाड तपकिरी पट्टा झाला की तिथे कडा. मग एकदम रेषा विरळ होतात, ती माची किंवा पदर. मग पुन्हा पट्टा. मी मुलांना सांगायचे, केळीच्या पानावर वाढलेल्या भाताची मूद वरून बघा, नंतर वरण घाला आणि ते कुठे थांबतं, कुठे घरंगळतं ते बघा. मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.

मग इंग्रजी व्ही. रेषांचं टोक जास्त उंचीकडे घुसलेलं असेल तर ती घळ किंवा नाळ, तिच्यातून पाणी येणार. टोक खाली उताराकडे आलेलं असेल तर ती सोंड, तिच्यावरून माणूस चढणार. दोन्ही नकाशावर सारखेच दिसतात आणि नवखा माणूस हमखास उलटं वाचतो. खात्री करायला रेषेवरचा उंचीचा आकडा शोधा, किंवा आसपास ओढ्याची रेघ दिसते का बघा. ओढा सोंडेवरून वाहत नाही. दोन उंचवट्यांच्या मधे रेषा कंबरेसारख्या आत आल्या की खिंड. राजगड आणि तोरण्याच्या मधल्या धारेवर खिंडी बोटांनी मोजा. त्या तुमच्या विश्रांतीच्या जागा, आणि चुकण्याच्याही, कारण खिंडीत दोन्ही बाजूंनी वाटा चढून येतात.

पाण्याच्या रंगाकडे फोनच्या सवयीने बघू नका. टोपोशीटवर बारमाही पाणी निळं आणि पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा काळा असतो. आपल्या घाटमाथ्यावर निळं कमी, काळं फार. जानेवारीनंतर धारेवर निघालात आणि काळ्या रेघांच्या भरवशावर एकच बाटली घेतलीत, तर तो दोष नकाशाचा नाही. नदीच्या काठाशी कधी '९आर' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे तिथे काठ पात्रापासून ९ मीटर उंच आहे, उतरायला दुसरीकडे बघा. हे अक्षर कळल्यापासून मी त्याच्यावर खूश आहे. एवढ्याशा जागेत केवढी काळजी.

पायवाटा लाल तुटक रेषांनी असतात. त्यांच्यावर मी सगळ्यात कमी विश्वास ठेवते. पायवाट पायांनी टिकते, आणि गावात एसटी आली, पोरं तालुक्याला शिकायला गेली की चाळीस वर्षांची वाट चार पावसाळ्यांत कारवीत बुडते.

दोरा

अंतर मोजायला महागडं चाक वगैरे मिळतं. मी शिवणाचा पांढरा सुती दोरा वापरते. तो बोटांनी जरा ओला करायचा, म्हणजे कागदाला धरून राहतो. एक टोक पद्मावती माचीवर नखाने दाबायचं आणि वाट वळेल तसा दोरा वळवत न्यायचा, संजीवनीच्या टोकापर्यंत, खाली धारेवर, खिंड, उंचवटा, पुढची खिंड. तोरण्याला पोचलं की तिथे पेनाचा ठिपका, दोरा उचलायचा, सरळ ताणून पट्टीवर धरायचा. २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. राजगडाहून तोरण्यापर्यंत सरळ रेषेत १४ सेंटिमीटर भरतात, म्हणजे ७ किलोमीटर. दोऱ्याने मोजलं की सेंटिमीटर वीसच्या पुढे जातात. आणि दोराही वाटेची सगळी वळणं घेत नाही, तेव्हा आणखी थोडं धरा.

मग वेळ. विल्यम नायस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला: दर ३ मैलांना एक तास, शिवाय दर २,००० फूट चढाला एक तास. तो माणूस स्कॉटलंडच्या थंडीत चालत होता. मी मे महिन्यात पाच लिटर पाणी आणि भाच्याच्या तीन मित्रांना घेऊन चालते. माझा हिशेब सपाटीला ताशी ३ किलोमीटर, दर १०० मीटर चढाला पंधरा मिनिटं, दर तासाला दहा मिनिटं बसणं. तीव्र उतार मी सपाटीच्याच वेगाने धरते, कारण माझा डावा गुडघा. या वाटेला माझ्या हिशेबाने साडेपाच तास येतात, पावसाळ्यात मी सात धरते. तुमचा हिशेब तुम्ही दोन-तीन ट्रेकमध्ये बसवा. घड्याळ बघून प्रत्येक खिंडीची वेळ पेन्सिलीने नकाशावर लिहिलीत की झालं.

पेन्सिल २बी. जेल पेन पावसात पसरतं, बॉलपेन खोडता येत नाही.

टेबलावरचं शेवटचं काम म्हणजे वाटेचे तुकडे पाडणं. प्रत्येक तुकड्याला दोन गोष्टी ठरवून ठेवायच्या: कशाला धरून चालायचं, आणि काय दिसलं की थांबायचं. संजीवनी उतरल्यावर धरून चालायचं ते धारेला, थांबायचं वेल्हे–भुतोंडे रस्ता आडवा आला की. त्यापुढे पुन्हा धार, आणि थांबायचं ते तोरण्याचा कडा समोर उभा राहिला की. एवढं पाठ झालं तर अर्ध्या वाटेला नकाशा बघावाही लागत नाही.

घडी घालताना आजची वाट बाहेरच्या बाजूला येईल अशी घाला. छापून आलेल्या घड्या पवित्र नसतात. घडी पारदर्शक झिपच्या पिशवीत, पिशवी पँटच्या खिशात. सॅकमध्ये नाही. काढायला आळस वाटेल अशा जागी ठेवलेला नकाशा निघत नाही.

डोंगरावर

पहिली गोष्ट, नकाशा फिरवा. फोन तो आपोआप फिरवतो म्हणून आपल्याला या कामाचा विसर पडलाय. नकाशाची उत्तर आणि खरी उत्तर एका दिशेला आली पाहिजे, मग अक्षरं उलटी दिसली तरी चालतील. राजगडावरून तोरणा दिसत असेल तर होकायंत्रही नको: नकाशावरच्या राजगडावर बोट ठेवा, तोरण्याच्या नावाकडे रोख धरा आणि समोरच्या तोरण्याशी जुळेपर्यंत स्वतः फिरा. मग डावीउजवीकडचं सगळं आपोआप जागेवर येतं.

दुसरी गोष्ट, अंगठा. तुम्ही आहात तिथे अंगठ्याचं नख. चालाल तसा सरकवायचा. पोरकट वाटतं, पण दर वेळी नकाशात स्वतःला नव्याने शोधण्यापेक्षा एक सेंटिमीटर सरकणं सोपं.

होकायंत्र साधं, पारदर्शक पट्टीवरचं घ्या. आपण महाराष्ट्रात नशीबवान आहोत, इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एक अंशाच्याही आत आहे, त्यामुळे त्या बेरीज-वजाबाकीची कटकट सोडून दिली तरी चालते. दुसरी कटकट मात्र आपलीच. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि उघड्या कातळावर, विशेषतः शिखराच्या दगडावर, होकायंत्र टेकवलं तर सुई भलतीकडे जाऊ शकते. छातीच्या उंचीवर धरून वाचा, चार पावलं बाजूला जाऊन पुन्हा वाचा. दोन्ही आकडे जुळले तर खरे. फोन, पॉवर बँक आणि चुंबकाचं बटण असलेलं पाकीट लांब ठेवा. भाच्याने एकदा पंधरा मिनिटं उत्तर दिशा सिद्ध करून दाखवली होती, ती त्याच्या फोनच्या कव्हराची होती.

आपण कुठे आहोत हे काढायला पुस्तकात दोन शिखरांची बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचे कोन, घेऊन दोन रेषा मारायला सांगतात. धारेवर असाल तर एकच पुरते, कारण दुसरी रेषा म्हणजे धार स्वतः. मागे वळून बालेकिल्ल्याचं बेअरिंग घ्या, समजा ११५ आलं. त्यात १८० मिळवा, २९५. बालेकिल्ल्यापासून २९५ अंशांवर रेषा काढा, ती धारेला जिथे कापते तिथे तुम्ही. सिंहगडाचा टॉवर ओळखायला फार सोपा, पण तो आपल्या जोडपत्रकावर नाहीच, ४७ एफ/१५ वर आहे. नकाशाबाहेरचं शिखर कितीही ओळखीचं असलं तरी तुमची जागा काढून देत नाही.

धुकं

तीन वर्षांपूर्वीची जुलैची गोष्ट. रस्ता ओलांडून आम्ही पुढच्या धारेवर चढलो आणि ढग खाली आले. दहा पावलांवरची भाच्याची पिवळी पोंचो राखाडी झाली. त्याच्या फोनमध्ये कुणीतरी चाललेल्या वाटेचा ट्रॅक उतरवलेला होता. पण पावसाच्या पाण्याने स्क्रीन आपणहून बटणं दाबत होती, बोटं ओली, आणि ठिपका मधेच तीस मीटर उडी मारायचा. तरी तो बघत, पुसत, पुन्हा बघत चालला होता. वाट मस्त होती, मळलेली, जवळजवळ सपाट. मला खरं तर तिथेच खटकायला हवं होतं. त्या तुकड्यात सपाटी नव्हती, गुरुवारी मीच मोजलं होतं.

पंधराएक मिनिटांनी मी सगळ्यांना थांबवलं. काहीच दिसत नसताना एक गोष्ट तरी कळते: पायाखालची जमीन कुठे उतरते. डावीकडे उतार होता, उजवीकडे चढ. उताराच्या दिशेला तोंड करून होकायंत्र धरलं, २०० अंश. म्हणजे जवळजवळ दक्षिण, भुतोंड्याची बाजू. आता नकाशा. तोरणा राजगडाच्या वायव्येला, साधारण ३०० अंशांवर. त्या दिशेने जाणाऱ्या धारेच्या माथ्यावर असतो तर जमीन दोन्हीकडे उतरली असती. इथे ती फक्त दक्षिणेला उतरत होती. म्हणजे धार उजवीकडे वर राहिली होती आणि आम्ही तिच्या कुशीतून, गुरं चालतात तशा एका उंचीने, चाललो होतो. ढोरवाट. गुरं शहाणी, विनाकारण चढत नाहीत, म्हणून त्यांची वाट नेहमी समोच्च रेषेला धरून जाते आणि माणसाच्या वाटेपेक्षा छान दिसते.

मागे वळायचं की सरळ वर चढायचं, यावर वाद झाला. कागदावर धारेपर्यंतच्या रेषा सुट्या सुट्या होत्या, मधे कड्याचा जाड पट्टा कुठे नव्हता. तरी मी मागेच फिरवलं. आपण नकाशावर नेमके कुठे आहोत याची पक्की खात्री नसताना धुक्यात सरळ वर चढायचं नाही. परत आलो तेवढीच पंधरा मिनिटं. फाट्याजवळ एक म्हातारा गुराखी घोंगडीत बसलेला. जाताना आम्हाला दिसला नव्हता, आम्ही त्याला दिसलो होतो.

"मावशी, ती वाट न्हाय, गुरांची हाय ती."

"मग मघाशी हाक नाही मारलीत?"

"मला वाटलं, पोरं फोनात बघून चालल्यात, त्यास्नी ठावं असंल."

वाट विचारायचीही एक रीत आहे, ती इथेच सांगते. "ही वाट तोरण्याला जाते ना?" असं विचारलं की उत्तर "हो" येतं, पाहुण्याला नाही कशाला म्हणा. "तोरण्याला कुठून जायचं?" असं विचारा आणि हात कुठे जातो ते बघा. जमलं तर टेकाडांची, खिंडींची नावंही विचारा आणि लिहून घ्या. नकाशावर त्यांचे नुसते उंचीचे आकडे असतात.

फोन आणि कागद एकत्र

फोनशी माझं भांडण नाही. जीपीएसला रेंज लागत नाही, फ्लाइट मोडमध्येही ते चालतं आणि बॅटरी बरीच टिकते. फोन मी एकाच कामाला वापरते: अक्षांश-रेखांश वाचायला. सेटिंगमध्ये अंश-मिनिटं निवडा. या भागात अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे नकाशावर ३.७ सेंटिमीटर, रेखांशाचं ३.५. फोनने १८ अंश १५.६ मिनिटं दाखवलं, तर दोन पत्रकांच्या शिवणीपासून ०.६ गुणिले ३.७, म्हणजे २.२ सेंटिमीटर वर. शिवणीचा असाही उपयोग. रेखांशाचं तसंच, ठिपका पेन्सिलीने, बाजूला वेळ, फोन बंद. पत्रक जुन्या मालिकेचं असेल तर त्याचा अक्षांश-रेखांश मोजायचा पाया फोनच्या पायापेक्षा वेगळा असतो, आणि ठिपका शंभरेक मीटर, म्हणजे कागदावर दोन-तीन मिलिमीटर, सरकतो. धारेवर चालतं, कड्याच्या काठावर चालत नाही.

गाडीच्या प्रवासाला टोपोशीट नको, राज्याचा रस्त्यांचा नकाशा पुरे. तो सीटच्या मागच्या खिशात ठेवा आणि निघण्याआधी वाटेतल्या गावांची नावं क्रमाने म्हणा. स्वारगेट, खेड शिवापूर, नसरापूर, मार्गासनी, साखर, गुंजवणे. फोनमधल्या बाईने मार्गासनीआधीच कुठे आत वळवलं तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

परत आल्यावर

ओला नकाशा पंख्याखाली टांगू नका, वाळताना आखडतो. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये, वर जाड पुस्तकं, दोन दिवस. मग पुन्हा टेबल पुसायचं आणि ट्रेकमध्ये कळलेलं सगळं कागदावर चढवायचं: वेळ कुठे चुकली, कुठलं टाकं मार्चमध्ये आटलं, कुठल्या घरी कुत्रा सुटा असतो. माझ्या ४७ एफ/११ वर आता छपाईपेक्षा पेन्सिल जास्त आहे. त्या फाट्याजवळ, शिवणीच्या जरा वर, मी लिहिलंय: "डावीकडची वाट गुरांची. सपाट वाटली की थांबा." त्याखाली भाच्याने लिहिलंय, "मावशीने सांगितलं होतं." बॉलपेनने.